वहिनींचं स्टेशन

गाडीचा कॉम्प्युटर काढून परत बसवण्यात आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या वायरिंगवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस मात्र महाखवट. गिऱ्हाइकाशी धड बोलायचा नाही. पण बॅटरी सोडवली की रेडिओ आपली स्टेशनं विसरतो, म्हणून ती आधी स्वतःच्या तळहातावर पेनने लिहून घ्यायचा आणि काम झालं की एकेक परत लावून द्यायचा. एवढी माया त्याने कुठे लपवली होती देव जाणे.

गेल्या महिन्यात त्याची बायको, आमच्या वहिनी, वारल्या. त्यांची गाडी तेव्हापासून दारातच उभी होती. काल तो ती ढकलत गाळ्यावर घेऊन आला. इंजिन सुरू होत नव्हतं. कॉम्प्युटरच्या डब्यात पाणी शिरलं होतं. त्याने थेट बॅटरी सोडवली, डबा काढला, सुकवला, साफ केला आणि परत बसवला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

मग त्याने रेडिओ लावला. नुसती खरखर. त्याने तळहात उलटून पाहिला. हात कोरा होता.

"अरे, तोंड काय पाडतोस? शोधून लाव की," मी म्हटलं. "वहिनी कुठलं स्टेशन ऐकायच्या?"

तो बराच वेळ बटण फिरवत राहिला. एक गाणं, बातम्या, दुसरं गाणं, पुन्हा खरखर.

"माहीत नाही रे," तो म्हणाला. "मी गाडीत बसलो की आधी रेडिओ बंद करायचो."