तेरसेची सुट्टी

फोन आला तेव्हा मी यावलच्या स्टँडवर फैजपूरच्या गाडीची वाट बघत होते. पलीकडून अक्का बोलल्या, "मंगल, तुना नाना गयात वं." पुढे त्या काय बोलल्या, ते मला आठवत नाही. समोरच्या चहाच्या टपरीत कॅलेंडर लटकत होतं, नजर तिथे गेली. षष्ठी. आणि अशा वेळी मनात काय यावं? ...अरे देवा, नाना, तुमची तिथी चुकली!

हे ऐकून कुणालाही वाटेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण नाना माझे व्याकरणाचे गुरू. धुळ्याच्या कॉलेजात जन्मभर संस्कृत शिकवून ते आणि त्यांच्या पत्नी अक्का जळगावला मेहरूणमध्ये येऊन राहिले. मी शिकवते ती शाळा सकाळची. दुपारी मी त्यांच्याकडे पाठाला जायची. पाठ कसला, तर व्याकरणाच्या जुन्या भाष्याचा, ओळीओळीने. सुरुवातीला आम्ही बरेच जण होतो. कुणाची बदली झाली, कुणाला कंटाळा आला, शेवटी मी एकटी उरले. दाराशी अक्का भाजी निवडत बसायच्या, तेवढ्याच.

नाना शास्त्राचा इतिहास घरातल्या माणसांचा सांगावा तसा सांगायचे. सूत्रकार म्हणजे अबोल आजोबा, एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चायचे नाहीत. वार्तिककार म्हणजे किरकिरे काका, "हे राहिलं, ते राहिलं" म्हणत त्यांच्या मागे मागे. आणि भाष्यकार म्हणजे ओसरीवरची आत्या. भांडण तीच मिटवणार, पण गप्पा मारल्याशिवाय नाही. मग शतकांनंतरचे टीकाकार, आणि सगळा पसारा आवरून पोरांच्या हाती सोपा करून देणारी नातवंडं... बाहेर ऊन रणरणत असायचं, पंखा कुरकुरायचा, माझे डोळे जड व्हायचे. मग वाटायचं, ही सगळी मंडळी खरंच आली आहेत, चटईवर दाटीवाटीने बसली आहेत, आणि अक्का आता सगळ्यांना पाणी विचारतील. किती गोड होती ती गुंगी, काय सांगू!

प्रतिपदा, अष्टमी असल्या पाठशाळेच्या जुन्या सुट्ट्या नानांनी कधीच मोडीत काढल्या होत्या. पाळायचे ती फक्त त्रयोदशी, अक्कांच्या भाषेत तेरस. त्या दिवशी म्हणे सूत्रकारांना सिंहाने मारलं. म्हणून वैयाकरण त्रयोदशीला पुस्तक उघडत नाहीत. कोणत्या पक्षातली त्रयोदशी, हे मात्र कुणाला माहीत नाही. "म्हणून महिन्यातून दोनदा सुट्टी. सिंहाचे उपकारच म्हण!" नाना हसायचे. त्या दिवशी आम्ही तिघं तलावाकाठी जायचो. बोरांचे दिवस असले की मेहरूणची बोरं खात बसायचं. पाण्याकडे बघत नाना कुठल्या कुठे निघून गेलेले असायचे.

एकदा मी विचारलं, "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? काकांना आणि आत्याबाईंना सुट्टी का नाही?"

"या वाटेने किती माणसं गेली, मंगल," ते म्हणाले. "प्रत्येकाची सुट्टी धरली तर वाचायचं कधी? एकाच्या दिवशी सगळ्यांसाठी काय रडायचं ते रडून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ." मग म्हणाले, "हे भाष्य मला धुळ्याच्या गुरुजींनी ऐकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. माझ्या खोलीत येऊन ते थांबलं, तर वर जाऊन काय तोंड दाखवू मी?"

त्यांना एवढीच एक धास्ती होती. म्हणूनच प्रकरण संपलं तरी ते तिथे थांबायचे नाहीत. पुढच्या प्रकरणाची पहिली ओळ वाचायची, तिथे केळीच्या खांबाच्या वाळल्या सालीची, सोपटाची पट्टी ठेवायची आणि मग पुस्तक मिटायचं. "आता उद्या यावंच लागेल तुला," असं म्हणायचे.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा मेहरूणला गेले. खोली तशीच होती. पुस्तकातून सोपट डोकावत होतं. मी पुस्तकासमोर नानांच्या जागी बसून राहिले, हातच उचलेना.

अक्का मेथी घेऊन दाराशी येऊन बसल्या. "तेरस ते कवयच गई. पुस्तक काबर बंद शे?"

"आज षष्ठी आहे, अक्का. नानांची... निदान त्यांच्यासाठी तरी एक सुट्टी..."

"एकनी सुट्टीमा बठ्ठा उनात, असं त्याच सांगेत ना?"

एकाच्या सुट्टीत सगळे आले, हे नानांचंच बोलणं. मला रडू फुटलं. "पण वाचू कुणाला? ऐकायला आहे कोण?"

अक्कांनी मेथी बाजूला सारली. पदराला हात पुसले आणि उठून माझ्या समोर, चटईवरच्या माझ्या जागेवर येऊन बसल्या. "मी शे ना. इतला वरीस काय बहिरी व्हतू?"

मी पुस्तक उघडलं. नानांनी सोडलेल्या ओळीपासून वाचायला लागले. पंखा कुरकुरत होता, आणि खोली हळूहळू भरत गेली... प्रकरण संपल्यावर मी पुस्तक मिटायला गेले, तर अक्कांनी हात धरला.

"पुढली ओय?"

ती वाचली. त्या ओळीवर सोपट ठेवलं.

आता मी रोज जाते. त्रयोदशीला मात्र नाही. त्या दिवशी अक्का आणि मी तलावावर असतो, नानांच्या वाटची बोरं ओटीत घेऊन.