बूच गळ्यात, नाव ट्रेलरवर

त्या पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर कंपनीची एक तुकडी चांद्याला होती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. दिवसा वर्धा नदीवर नावांचा सराव, संध्याकाळी नावा धुणे, सकाळी पुन्हा तेच. मी मूल गावाकडचा, ड्रायव्हर. नदी मला दुरूनच बरी वाटायची. ट्रक आणि त्यामागचा ट्रेलर, एवढं माझं काम.

आमचे डिटॅचमेंट कमांडर हवालदार साळुंखे. साताऱ्याकडचे, महायुद्धात परदेशी नद्यांवर पूल बांधून आलेले. ट्रेलर हलण्याआधी त्यांची एक फेरी ठरलेली. नावेभोवती चालायचे, प्रत्येक दोराला तळहाताने थाप द्यायचे आणि म्हणायचे, "बोल." नीट ताणलेला दोर टणक वाजतो. ढिला दोर वाजतच नाही, मग तो सोडून पुन्हा बांधायचा. आम्ही पाठीमागे हसायचो. हवालदारसाहेबांचं दोराशी लग्न झालंय, असं कुणीतरी म्हणायचं.

एका सकाळी ऑर्डर आली. वैनगंगेला पूर. मूलच्या पुढे नदीकाठी बोरटोला नावाची वस्ती पाण्यात गेली आहे. माणसं टेकडीवर चढली आहेत, टेकडीची कड ढासळते आहे. ढिवर कोळ्यांचे लाकडी डोंगे त्या धारेत टिकत नाहीत. एक नाव घेऊन ताबडतोब निघा.

बोरटोला ऐकलं आणि मी तडक पुढे झालो. माझी धाकटी बहीण पारबता तिथेच दिलेली. दुसऱ्या खेपेची, दिवस भरलेले. मी साळुंख्यांना सांगितलं.

"मग गाडी तूच चालव," ते म्हणाले. "पर हाणायची न्हाई. थांब म्हटलं की थांबायचं."

नाव चढवायला घेतली. नाव प्लायवूडची, सपाट तळाची. ट्रेलरच्या दोन आडव्या लाकडांवर तळ सारखा टेकला पाहिजे. तोंड पुढच्या खांबाला भिडलेलं पाहिजे, नाहीतर ब्रेक मारला की नाव पुढे सरकते. मग पुढून, मधून, मागून दोर. दोराखाली गोणपाट, म्हणजे काठ कापत नाही. इंजिन काढून ट्रकमध्ये. ट्रेलर ट्रकला टो-हुकने अडकवला तरी सेफ्टी चेन वेगळी. शेवटी तळाचं बूच काढायचं, कारण वाटेत पावसाचं पाणी साचलं तर त्या वजनानेच ट्रेलर बसतो. साळुंख्यांनी बूच सुतळीत ओवलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

"ज्याला घाई, त्याच्या गळ्यात बूच," ते म्हणाले. "ते हरवलं तर ही नाव न्हाई, चाळण हाय."

पाऊस लागला. चांद्याहून मूलचा रस्ता जंगलातला, खड्ड्यांना सुमार नाही. थोडं अंतर गेलो की केबिनच्या छपरावर थाप पडायची. थांब. साळुंखे उतरून फेरी मारायचे. मनिला दोर भिजला की आखडतो, आणि कोरडा असताना करकचून बांधलेला दोर पावसात नावेच्या बरगड्या मोडतो. म्हणून दोर सोडायचा, बेताने ताणायचा, पुन्हा बांधायचा. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"साहेब, बहीण आहे ना माही तिथी!"

"म्हणूनच थांबलोय," ते म्हणाले आणि मागच्या दोराकडे गेले. त्या क्षणी त्यांचा मला राग आला. चांगलाच आला.

मूलच्या बाजारात तांदळाचे व्यापारी करीमभाई वाट अडवूनच उभे होते. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. टेकडीवरच्या लोकांसाठी त्यांनी पोती काढून ठेवली होती.

"नाव तर रिकामीच जाऊन राह्यली," ते म्हणाले. "टाका ना पोते तिच्यात. लोकं उपाशी आहेत तिथी."

हमालांनी पहिलं पोतं उचललंसुद्धा. साळुंखे आडवे आले. "भाऊ, पाण्यात ही नाव तुमची पोती हसत नेईल. तिथं पाणी तिला सगळीकडनं धरतं. इथं खाली दोनच लाकडं हायती. पोती टाकली की कंबर मोडंल तिची."

करीमभाईंचं तोंड उतरलं. "मंग मी काय देऊ?"

"पोती ट्रकात द्या. आन् रिकामी गोणपाटं, तणस भरून."

तणस म्हणजे भाताचा पेंढा. तो भरलेल्या गोणपाटांच्या गाद्या नावेच्या तळाखाली ठासल्या. करीमभाई भिजत उभे राहून बघत होते. "वा रे जमाना," ते म्हणाले, "तांदूळ गेला ट्रकात अन् तणसाला फौजेच्या नावेचा मान!" हमाल हसले. मलाही हसू आलं, त्या दिवसातलं पहिलं.

मूलच्या पुढे बंडीची, बैलगाडीची वाट होती. नाल्याच्या उतारावर ट्रकचं मागचं चाक चाकोरीत उतरलं, ट्रेलर उसळला आणि मागे खणकन आवाज झाला. मी आरशात पाहिलं. टो-हुक सुटला होता. ट्रेलर एका कुशीवर कलत नाल्याकडे ओढला जात होता, आणि त्याला धरून होती फक्त ती चेन.

"एकदम ब्रेक नको! हळू दाबत जा!" मागून साळुंखे ओरडले.

हळूहळू दाबत ट्रक थांबवला. मी उतरून मागे धावलो. ट्रेलर तिरका झाला होता, पण नाव तसूभर सरकली नव्हती. एका दोराखालचं गोणपाट फाटलं होतं, नावेला ओरखडा नव्हता. आम्ही सगळ्यांनी खांदा लावून ट्रेलर सरळ केला, हुक बसवला. साळुंख्यांनी फाटलेलं गोणपाट बदललं आणि दोराला थाप दिली. "बोल." दोर बोलला. या वेळी कुणी हसलं नाही.

दुपारी नदी दिसली. पलीकडे टेकडीवर माणसं, लाल मातीची कड आणि खाली भोवरे. लुगड्यांच्या गर्दीत पारबता कोणती ते कळेना. नाव उतरवली, इंजिन लावलं. मी नावेला हात घालून पाण्यात ढकलायला लागलो.

"थांब," साळुंखे म्हणाले. फेरी मारली. मग माझ्यासमोर हात पसरला. "गळ्यातलं."

मी बूच साफ विसरलो होतो.

पहिल्या खेपेला त्यांनी मलाही सोबत घेतलं. पारबता सासूच्या खांद्याला धरून उभी होती. मला पाहून आधी रडली, मग भडकली.

"एवढा उशीर काऊन केला रे?"

"ताई, रागवायचं तर मला रागवा," साळुंखे म्हणाले. "मीच ह्याला थांबवत आणलाय. नाव आख्खी आणायची होती."

पारबताने त्यांच्याकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं, आणि नावेच्या तळावर पाय देण्याआधी तिथे हात लावून नमस्कार केला. अंधार पडायच्या आत टेकडी रिकामी झाली. वायरलेसवर साळुंख्यांचा आवाज ऐकला तो असा: "सगळी माणसं अलीकडे. कुणी मिसिंग नाही. बोट ठीक. ओव्हर." त्याच आठवड्यात पारबताला मुलगा झाला. बूच सरकारी होतं, ते स्टोअरमध्ये जमा केलं.

पुढे तुकड्या बदलल्या. ईशान्येकडच्या एका डोंगरी नदीवर तराफा उलटला. साळुंख्यांनी दोन जवानांना काठाकडे ढकललं. तिसऱ्यासाठी परत गेले. तिसरा वाचला, ते सापडले नाहीत. मी तिथे नव्हतो. मला हे चहाच्या रांगेत कळलं आणि हातातला चहाचा मग मी रिकामाच परत नेला.

सुटीत बोरटोल्याला गेलो. पारबता अंगणात बंडीत तणस रचून दोर ओढत होती. मी साळुंख्यांचं सांगितलं. तिने हातातला दोर खाली ठेवला.

"त्याहिले बहीण होती का?" तिने विचारलं.

"माहीत नाई," मी म्हणालो.

"होती," ती म्हणाली. "आता तू सांग, थाप कशी देत होते ते."

मी दाखवलं. ती बंडीभोवती फिरली. प्रत्येक दोराला थाप दिली आणि डोळे पुसत पुसत म्हणाली, "बोल."

बोरटोल्यात आजही तणसाची बंडी निघण्याआधी माणूस एक फेरी मारतो आणि दोराला तसंच म्हणतो. हवालदार साळुंखे कोण, हे बहुतेकांना ठाऊक नाही. विचारलं तर पोरं सांगतात, पारबताबाईच्या भावाची रीत आहे. तिचा कोणता भाऊ, ते मी कधी सांगितलेलं नाही.