आमच्या साडूंचं ‘आज’

इंटरनेटच्या अफाट पसाऱ्यात आजवर कुणी पूर्ण सुखी झालं असेल, तर ते कामरगावचे आमचे साडू. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्यांचा ब्लॉग आहे. पोट कशावर चालतं ते गावाला माहीत आहे आणि जीव कशावर आहे, तेही. ब्लॉगवर फोटो नाही, रंग नाही, हलणारं-उडणारं काही नाही. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, ताजा मजकूर सगळ्यांत वर. साडू साध्या फाइलीत चार ओळी लिहितात, काळ्या पडद्यावर एक हुकूम सोडतात आणि एक छोटीशी शेल स्क्रिप्ट साऱ्या फाइलींची भराभर पानं करून मोकळी होते. ती स्क्रिप्ट त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं बंगलोरला नोकरीवर जाताना बापाला लिहून दिली. मग साडू ‘शेल, शेल’ करत असे काही गावभर फिरले, की कुठंतरी सेल लागला समजून दोघी बायका पिशव्या घेऊन दुकानात आल्या. साडूंनी त्यांना स्टुलावर बसवून अख्खी स्क्रिप्ट वाचून दाखवली. त्या दोघी आता ती गल्ली टाळून बाजाराला जातात.

लेकीनं जाताना बजावलं होतं, की फाइलीच्या नावात दोन शब्दांमध्ये जागा सोडू नका, स्क्रिप्ट गोंधळते; मध्ये खाली रेघ मारा. साडूंनी ते आयुष्यालाच लावून घेतलं. दुकानावर पाटी लागली, ‘मोटर_वाइंडिंग_करून_मिळेल’. स्वयंपाकघरातल्या बरणीवर ‘शेंगदाण्याची_चटणी’ आली. माझ्या वास्तुशांतीच्या आहेराच्या पाकिटावर माझ्या नावाचा, वडिलांच्या नावाचा आणि आडनावाचा असा काही साखळदंड झाला होता, की आम्हाला पोलीस घेऊन चाललेत असं वाटावं. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे साडूंच्या घरच्या आमच्या ताई, पाटीकडे बघत म्हणाल्या, “यायच्या डोक्यातच जागा नाई राह्यली, तं नावात कुठून सोडतीन.”

ब्लॉगवर प्रतिक्रिया द्यायची सोय नाही. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं दुकानात यावं, चहा घ्यावा आणि तोंडावर म्हणावं. साडू ते मजकुराखाली स्वतः टाइप करतात, शिवी असली तर तिचं शुद्धलेखन सुधारून. जितके पार्ट कमी तितकं कमी जळतं, हे त्यांचं मोटारींचं तत्त्वज्ञान इथंही लागू. म्हणून ते तारीखसुद्धा लिहीत नाहीत. प्रत्येक मजकूर ‘आज’नं सुरू होतो. ‘आज वांगी उतरली.’ ‘आज इंझोरीची जीप आलीच नाही.’ फाइलीला शेवटचा हात कधी लागला ते बघून तारीख टाकायचं काम स्क्रिप्टचं. घोळ झाला तो इथंच.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ब्लॉगवर सगळ्यांत वर झळकलं, ‘आज पोरगी बंगलोरला चालली. अंगणात रोडगे लावले आहेत. सगळ्यांनी या.’ पोरगी सुट्टीत आली असेल आणि परत निघाली असेल, असं समजून आम्ही वाशीमहून निघालो. पोचतो तर इंझोरीची जीप आज नेमकी आलेली, तीही टपावर माणसं घेऊन. किन्हीराजाहून साडूंची बहीण हजर. कुणाच्या हातात कुरडया, कुणाच्या हातात तुरीची डाळ, कुणाकडे लोणच्याची बरणी, सगळं पोरीसोबत द्यायला. आणि अंगणात ना पोरगी, ना रोडगे. साडू बनियनवर, अर्ध्या गालाला फेस लावून उभे. मजकूर पोरगी पहिल्यांदा गेली त्या दिवसाचा होता. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली आणि स्क्रिप्टनं त्याला आजचा धरला, असं साडूंनी जीपवाल्यांना समजावलं. ताईंनी त्यांच्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि कणकेचा डबा काढला. गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यांत कणकेचे रोडगे लागले, वांग्याची भाजी रटरटायला लागली. पोरीला व्हिडिओ कॉल लावला, तो अंगणभर हातोहात फिरला, जो तो तिला आपली बरणी दाखवू लागला आणि ती पोरगी तिकडे हसता हसता डोळे पुसू लागली.

जेवणं झाल्यावर मी संगणकापुढं बसलो. म्हटलं, स्क्रिप्टमधली एक ओळ बदलू, तारीख मजकुरातच लिहीत जा. जुनं पुन्हा वर येणारच नाही. साडूंनी माझा हात धरला.

“राहू द्या भाऊ. तिनं लिहेल हाय ते.” मग बाहेर कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, “वेलांटी बरोबरच होती. टच म्हनते त्या हुकमाले. आत काई बदलत नाई, फाइलीले नुसता हात लावाचा. हात लावला का ते आजचं होते.”

मला त्यांची फार माया आली. मी संगणकापुढून उठलो. स्क्रिप्ट अजून तशीच आहे, आणि अधूनमधून तो मजकूर वर येतो. पोरगी आली का, असं आता कुणी विचारत नाही. बायको पिशवीत वांगी भरते आणि मी गाडी काढतो.