गुरुजींच्या दोन एकरांतला जॉर्जिया

अख्ख्या मराठवाड्यात जॉर्जियाच्या राजाची बाजू घेणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं शेत बेंबळीला माझ्या शेताला लागून आहे. हे आमचे इतिहासाचे गुरुजी. अभ्यासक्रमातलं सगळं ते शिकवतच, पण तास संपायला दहा मिनिटं उरली की थेट कॉकेशसच्या डोंगरात शिरत. तिथल्या एका राजानं म्हणे तैमूरलंगापुढं मान तुकवली नाही. राजधानी गेली, गावं जळाली, तरी गडी डोंगरातून लढतच राहिला. तो देश आम्ही वर्गातल्या नकाशावर शोधला, तेव्हा नेमका तिथं शाईचा डाग होता.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी तो देश आपल्या दोन एकरांत आणला. वरच्या अंगाला आबांची चाळीस एकरं, म्हणून आबा तैमूर. खालच्या अंगाला मी. पण मी त्यांचा विद्यार्थी, म्हणून मित्रराष्ट्र. कुणी सहज "बरं हाय का गुरुजी?" विचारलं, तर उत्तर मिळे, "वरची सरहद्द सध्या शांत हाय." एकदा आबांची शेळी दावं तोडून गुरुजींच्या तुरीत घुसली. आबांनी मला वकील म्हणून पाठवलं.

"न्हाय द्यायचो," गुरुजी म्हणाले. "आश्रयाला आलीया. आमच्या राजानं पळून आलेला शहजादा तैमूरला दिला न्हाय, मी शेळी देतो व्हय?"

"पण गुरुजी, ती तुमचीच तूर खातीया."

"खाऊ दे. पाहुणी हाय."

हे मी गावात रंगवून सांगतो, लोक हसतात. एक गोष्ट मात्र सांगत नव्हतो. दर उन्हाळ्यात नांगरटीला मी ट्रॅक्टरवाल्याच्या कानात सांगायचो, "जरा बांध धरून घे." दरवर्षी वीतभर बांध गुरुजींकडं सरकायचा. सहा वर्षांत मी हद्दीचा दगडही उपटून तीन हात आत रोवला. रान कमी झाल्याचं गुरुजींच्या ध्यानात आलं. ते आबांच्या बांधावर खुर्ची टाकून पहारा करू लागले, माझ्याकडं पाठ करून. चारचौघांत आबांना चोर म्हणाले आणि शेवटी सरकारी मोजणी मागवली.

मोजणीच्या आदल्या दिवशी मी जाऊन सांगितलं, "गुरुजी, आबांनी काही केलं न्हाय. दगड मी हलवलाय."

ते उठले. मग म्हणाले, "पहार आण."

दोघांनी मिळून दगड जागेवर नेला. माती दाबता दाबता गुरुजी पुटपुटले, "दत्ता, शेवटी त्या राजानंही खंडणी कबूल करून तह केला व्हता. वर्गात मी तेवढंच गाळायचो."

मी दगडाभोवतीची माती पायानं आणखी दाबली.

"चल," ते म्हणाले, "आबाची माफी मागू. मी लई बोललो त्याला. तू पुढं हो."

ढेकळांतून चालताना त्यांनी माझा दंड धरला. त्या हाताला आता वजन असं उरलेलंच नव्हतं. मी पावलं बारीक केली.