लिटरला नऊ

आमच्या पिकअपमध्ये डिझेल भरलं, की त्या दिवशी घरात दूध यायचं नाही. बाबा केनवडहून रिसोडच्या बाजारात लोकांचं सोयाबीन न्यायचे. गाडी विकणाऱ्यानं लिटरला पंधरा किलोमीटर सांगितले होते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट; टाकी फुल करून, बाबांच्या शेजारी बसून मोजलं, तर नऊच निघाले. असंच चाललं तर गाडी विकावी लागणार होती.

"बाबा, फाट्या-फाट्यावर कायले थांबता? पोत्यांवर माणसं कायले घेता?"

"हात दाखवला त्याले सोडून जाऊ? हेच शिकवलं काय तुह्या कॉलेजात?"

पुढच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. "थांबा, बाबा," मीच म्हणाले.

डिझेल वाचवायला माझ्या हातात चाकांची हवा तेवढी उरली. ती मी दर आठवड्याला तपासून घेते. गाडी विकली नाही. आता ती दहा देते.