खाडीतली तडतड

ती पोरगी आमच्या दिवाळे गावच्या जेट्टीवरून एकदाच माझ्या होडीत बसली. नाव सांगितलं असेल, माझ्या ध्यानात नाही राहिलं. डॉल्फिन एकमेकांशी कसे बोलतात, त्याचा अभ्यास करायची. खाडीच्या तोंडाशी तिनं मला इंजिन बंद करायला लावलं, लांब वायरीचा माईक पाण्यात सोडला आणि हेडफोन लावून डोळे मिटले. मी काही बोलायला गेलो की डोळे न उघडताच हात वर करायची.

शेवटी म्हणाली, "घ्या काका, तुम्ही पण ऐका."

ऐकलं आणि अंगावर काटाच आला. तव्यावर बोंबील टाकल्यावर तेल तडतडतं, अगदी तसं. बायको गेल्यापासून मला डबा येतो. पूर्वी दारात जाळं विणत बसलो की आतून हाच आवाज यायचा, आणि मागोमाग तिची हाक, "येताय का? नाहीतर थंडच गिळा."

"डॉल्फिन असा बोलतो?" मी विचारलं.

ती हसली. "डॉल्फिन कुठला! तळाला बारीक कोळंबी असते, ती नांग्या वाजवते. आम्हाला नुसता त्रास. नंतर कॉम्प्युटरवर काढूनच टाकतो."

"काढू नको," मी ओरडलोच. "माझ्या घरातला आवाज हाय तो. बायको मेली माझी."

तेवढ्यात समोर डॉल्फिनच्या पाठी वर आल्या. त्यांच्यासाठीच तर सकाळपासून ताटकळली होती. मी घाईनं हेडफोन काढायला लागलो, तर तिनं तो माझ्या कानांवर दाबून धरला.

"असू द्या काका," एवढंच म्हणाली, आणि डॉल्फिन लांब जाईपर्यंत नुसती बघत राहिली.