साळवे बाईंची सही

"सही कुठे करायची तेवढं सांग," साळवे बाई म्हणाल्या. पेनाचं टोपण काढूनच त्या माझ्या समोर बसल्या होत्या.

मी श्रीरामपूरला वकिली करते. बाई बेलापूरच्या. चौथीत त्यांनी मला शिकवलं. त्यामुळे ऑफिस माझं असलं तरी त्यांच्यासमोर मी आजही जरा सावरूनच बसते. मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि पेन बाजूला ठेवायला सांगितलं.

तो एका रिकव्हरी कंपनीचा सेटलमेंट फॉर्म होता. बाईंच्या मिस्टरांनी झेरॉक्सच्या दुकानासाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं होतं. दुकान चाललं नाही. पुढे तेही वारले. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. कागदावर लिहिलं होतं की बाई या कर्जाला जामीनदार आहेत, थकबाकी व्याजासह दोन लाख ऐंशी हजार आहे, पण शनिवारपर्यंत एकरकमी पासष्ट हजार भरले तर विषय संपेल.

"एवढी सूट देतायत, तर देऊन टाकते," बाई म्हणाल्या. "गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत, ते काढीन."

"तुम्ही जामीन राहिला होतात?"

"आठवत नाही. पण कागदावर नाव आहे ना माझं. आणि तो पाठारे म्हणतो, पैसे नाही आले तर शाळेत जाऊन विचारावं लागेल, चर्चमध्ये विचारावं लागेल. रविवारी मी कुठल्या तोंडाने जाऊन बसू?"

पाठारे म्हणजे कंपनीचा वसुली एजंट. दिवसातून चार-चार फोन करायचा.

मी बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, एजंटला कर्जाचा विषय शाळेत किंवा चर्चमध्ये काढता येत नाही. तशी तक्रार झाली तर कंपनीच अडचणीत येते. दुसरी गोष्ट मुदतीची. अशा कर्जाचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या काळात हप्ता भरला किंवा लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने मोजतात. इथे तसं काही झालेलं दिसत नव्हतं. मुदत संपली म्हणून कर्ज पुसलं जात नाही. ते मागता येतं, पण कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही.

मग मी फॉर्मच्या तळाची बारीक ओळ बोटाने दाखवली. 'सदर थकबाकी मला मान्य असून ती भरण्याचे मी वचन देते.' मुदत गेलेल्या कर्जाचं असं लेखी वचन दिलं की तो नवा करार होतो. आज सही केली आणि शनिवारी पैसे जमले नाहीत, तर कंपनीला नव्याने दावा लावायला जागा मिळणार होती.

बाईंनी चष्मा काढून ती ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "म्हणजे सूट नव्हे ही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ह्यांनी घेतले असतील तर ते बुडवायचे का गं?"

"आधी बघू तर काय घेतलं आणि कोणी घेतलं ते."

त्याच दिवशी मी कंपनीला पत्र पाठवलं. सुरुवातीलाच लिहिलं, 'कोणतीही कबुली न देता.' तीन कागद मागितले: मूळ करार, खात्याचा उतारा, आणि हे कर्ज फायनान्स कंपनीकडून तुमच्याकडे आलं याचं पत्र. पुढचा पत्रव्यवहार वकिलाशी करा, असंही कळवलं.

पंधरा दिवसांनी पाठारे स्वतःच फाईल घेऊन आला. तिशीतला, काष्टीकडचा. बाईही तेव्हा ऑफिसात होत्या.

"मॅडम, लेटर कशाला पाठवायचं? फोन करायचा हुता. मी आलो असतो."

"फोनवरचं कागदावर राहत नाही. चर्चमध्ये जाऊन विचारणार होतात म्हणे?"

त्याने बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "तसं बोलावं लागतं मॅडम. आमाला टार्गेट हाय."

"लेखी द्याल का मला, असं बोलावं लागतं म्हणून?"

"न्हाई न्हाई. परत न्हाई बोलणार."

उतारा पाहिला. शेवटचा हप्ता बाईंचे मिस्टर हयात असतानाचा होता. मुदत केव्हाच सरली होती. माझं काम तिथेच झालं. कराराची प्रत मी सहज बाईंकडे सरकवली.

शेवटच्या पानावर जामीनदाराची सही होती. बाई त्या सहीकडे पाहत राहिल्या. पाठारे पाणी प्यायला, फाईल आवरली, निघून गेला, तरी त्यांची मान वर झाली नाही.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"आयुष्यभर मुलांना अक्षर गिरवायला लावलं मी. 'साळवे'तला 'ळ' बघ. मी त्याला अशी गाठ मारत नाही. हा 'ळ' ह्यांचा आहे."

मी वकिलासारखीच बोलले. सही खोटी असेल तर मुदतीच्या पलीकडचा मुद्दा आहे, तुमच्यावर जबाबदारीच येत नाही, उत्तरात हे पहिलं लिहू.

"नाही लिहायचं."

"बाई, पण..."

"नाही म्हटलं ना. त्यांनी खोटी सही केली असं मी माझ्या हाताने कंपनीला कळवू?" आवाज वर्गातला होता. मग तो उतरला. "मला विचारलं असतं तर मी केली असती गं सही. नाही म्हणाले नसते. विचारलंच नाही."

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. सहीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. 'सदर मागणी मुदतबाह्य आहे, माझ्या अशिलांना आपला प्रस्ताव मान्य नाही, यापुढे त्यांना किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणालाही संपर्क करू नये.' मुदतीचा एकच मुद्दा पुरेसा होता, म्हणून मीही आग्रह धरला नाही.

फोन थांबले. महिन्याभराने पाठारेने मला कळवलं की फाईल त्याच्याकडून काढून घेतली. दावा काही आला नाही. दिवाळीनंतर बाईंना मोबाईलवर नवी ऑफर आली, या वेळी वीस हजारांची. पाठवणारी कंपनी तिसरीच होती. बाईंनी तो मेसेज मला पुढे पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी आधीच्या उत्तरावरची तारीख आणि पत्ता बदलून तेच पत्र त्या नव्या कंपनीला धाडलं. ऑपरेशन जानेवारीत झालं.

आता जुन्या कर्जाची ऑफर घेऊन कोणी आलं की मी सांगते, सही करू नका, पैसे भरू नका, आधी कागद मागवा. आणि कागद आले की अशिलाकडे देण्याआधी शेवटचं पान मी एकटी वाचते.